मोनालीच्या नावाचा धवला

रंभाबाय धवलारीन होती. धवला मंजे आमच्या आगऱ्यांच्या लग्नातलं गानं. पाटाचा येगला, तेलाचा येगला, हलदीचा येगला. बामन मागून येतो, आदी धवलारीन बसते. रंभा मांडवात धवला बोलायला लागली की बाप्येसुदा हातातले पत्ते खाली ठेवायचे. नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, आजीचं, मामाचं, सगल्यांची नावं ती गान्यात अशी ओवायची की ज्याचं नाव आलं तो डोले पुसत बसायचा. गावातल्या निम्म्या सुना तिच्याच धवल्यावर आल्या. आता तिची एकच आस उरली होती, आपल्या नातीचा, मोनालीचा धवला आपन बोलायचा. मोनाली मंजे तिच्या ल्योकाची, बुधाजीची पोर. पोरीचं जमलं पन होतं, उरनकडच्या कुंदनशी.

तेवड्यात परेश आला. गावातलाच पोर, पन केस वाडवून मुंबईला गिटार वाजवायचा.

"आजी, आमच्या बँडला तुजा धवला पायजे गो. पिच्चर हाय एक."

रंभानी त्यातलं 'बँड' तेवडं धरलं. तिला ठाव तो लाल कोटवाल्यांचा बँड, वरातीतला. बँड हाय तं वरात हाय, वरात हाय तं नवरी हायच! बाय नवं लुगडं नेसली, हलदीची वाटी घेतली, तांदूल घेतले आनि बसली गाडीत.

गाडी थांबली कलंबोलीच्या लोखंडाच्या गोदामात. बगते तं काय, काली गंजिफ्राकं घातलेली पोरं पत्र्यावर लोखंडी सल्या आपटतायत. एक जन तं माईक घेऊन ट्रकच्या पोटाखाली झोपलेला.

"हा काय करतो रे? पंक्चर काडतो?"

"आवाज पकडतो, आजी. ह्याचंच संगीत करायचंय."

"बरं. नवरी कुटं हाय?"

"नवरी नाय. तू नुसती गा."

"अरे, पन कोनाच्या नावानं गाऊ? तुज्या ह्या ट्रकच्या?"

पोरं खदाखदा हसली. रंभा नाय हसली. बिननावाचा धवला बोलायचा नाय, तो मोकला फिरतो आनि भलत्यालाच लागतो, असं तिच्या आयनं सांगितलेलं. उटून घरी यावं, तं एवडा साज करून आलेली, आनि पोरं पाया पडून इनवत होती. मंग तिला वाटलं, आपल्या मोनालीचं नाव घेऊ. लगीन तोंडावर हाय, पोरीला थोडा आदीच आशिरवाद. तिनी डोले मिटले नि सूर लावला:

"मोनाली माजी पाटावर बसली गो, हलदीनं सारी उजलली गो..."

गोदामातले हमाल पन थांबले. पोरांनी टाल्या वाजवल्या. रंभानी हलदीचं बोट त्यांच्या कपालाला लावलं नि खुशीत घरी आली.

पिच्चर आला तो कुटल्या थेटरात नाय लागला, पन त्यातलं गानं मोबाईलवर फिरलं. पयलं मोनालीनंच बगितलं. बगितलं आनि फोन आजीच्या मांडीवर टाकला. फोनमदी चिखलात एक बाय मरून पडलेली, तोंडावर माशा. वरून लोखंड दानदान वाजतंय, गिटार कुत्र्यावानी इवलतंय, आनि मदीच रंभाचा गला, असा वढून जाड केलेला की बाप्याचा वाटावा, "मोनाली माजी... मोनाली माजी..."

रंभा तशीच परेशच्या दारात गेली.

"पोरीचं नाव काड त्याच्यातून."

"आजी, आता नाय निगत. सगलं एकात एक मिसललंय."

"मिसलताना हात मोडले नवते, काडताना मोडले?"

"तुला कलत नाय गो. ही कला हाय. मरन मंजे पन लगीनच, असं दाखवायचंय आमाला."

"मंग तुज्या आयला झोपीव चिखलात आनि दाखव!"

जाता जाता रंभानी इचारलं, "माजं तरी नाव हाय का त्यात?" परेश खाली बगून बोलला, "'गावातली गायिका' असं लिवलंय."

मंजे गानारीचं नाव नाय, आनि पोरीचं मढ्यावर!

गानं ऐकून उरनहून व्याही आले. कुंदनची आय, आशालता, पानी पन न पिता बोलली, "लगीन मोडत नाय आमी. पोरगी चांगली हाय. पन मांडवात ही बाय नको, आनि धवल्यात हिचं नाव पन नको."

रंभा बुधाजीच्या तोंडाकडं बगत रायली, तो भिंतीकडं.

लग्नाच्या दिवशी धवला बोलायला चिरनेरची वेनू आली. रंभाच्याच हाताखाली शिकलेली. ती चुलीकडं रंभाजवल आली नि रडकुंडीला येऊन बोलली, "आत्ये, मी नाय बोलत. परत जाते."

"परत गेलीस तं पोरीला कोन बोलंल? डीजेवाला? जा, बस पाटाजवल."

वेनू बसली. बापाचं नाव आलं, आयचं आलं. आता आजीचं यायचं. वेनूनी श्वास घेतला आनि सरल मामाच्या नावावर गेली. सगल्या मांडवाला कललं. मोनालीनं मान वर करून चुलीकडं बगितलं, मंग परत खाली घातली. रंभा आत वाल सोलत होती. सोलत रायली.

"सूर बरा लागला तुजा," मागून वेनूला एवडंच बोलली.

पाठवनीला मोनाली पाया पडायला वाकली, गल्यात पडून रडली. रंभानी पाठीवरून हात फिरवला, पन तोंड उघडलं नाय. आपल्या तोंडातून नाव निगालं तं काय होईल, ह्याचं भ्याव तिच्या पोटात बसलं ते बसलंच. तवापासून धवला तिनी कुटंच बोलला नाय. मोनाली म्हायेरी येते, आता तं लेकरू पन हाय तिला. लांबून येताना दिसली की रंभा वट्यावर उभी रायते आनि हाक मारते, "ए पोरी!"

नाव घेत नाय.