गाडी माझ्याच हातात बंद पडते

आमची पिकअप जुनी आहे, मान्य. एका दाराला आतून दोरी बांधलेली, हॉर्न त्याच्या मनात आलं तर वाजतो. पण गेल्या उन्हाळ्यात तिने जे आरंभलं होतं, त्याने माझं डोकं फिरायची वेळ आली.

माझं काम सरळ आहे. तापीकाठच्या आमच्या गावातून केळी भरायची आणि धुळ्याला पोचवायची. नवऱ्याची कंबर गेली तेव्हापासून गाडी मीच चालवते, त्यानेच शिकवली. अमळनेर मागे पडलं की गाडी आचके द्यायची आणि भर रस्त्यात गप्प व्हायची. मागचे ट्रकवाले शिव्या घालत पुढे जायचे. मी उन्हात बसून राहायचे, मागे केळी तापायची. मग थोड्या वेळाने किल्ली फिरवली की गाडी सुरू, जणू काही झालंच नाही.

घरी आलं की आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, ठरलेलं असायचं. "बंद पडनी का? पडाव नही ते काय! तू क्लचवर पाय ठी बठस."

मी क्लचवर पाय ठेवून बसत नाही. कधीच नाही. पण ऐकतो कोण? धाकट्या दिराने परीक्षा म्हणून गाडी शेतात नेली, तिथून स्टँडवर फिरवून आणली. एकदाही बंद पडली नाही. झालं. "बाईना हातमा गाडी दिधी, आखो काय व्हई?" असं तो ओट्यावर बसलेल्या चार माणसांसमोर म्हणाला, आणि ती चारही माणसं हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आबा समोर होते म्हणून मी मूग गिळून भाकरी थापायला बसले. त्या दिवशीच्या भाकरी कुणाला गोड लागल्या असतील तर नवल.

अमळनेरच्या मिस्त्रीने डिझेल फिल्टर बदलला, मग पंप बदलला. "डिझेल में हवा घुस रही है," असं म्हणत त्याने एकेक पाइप आवळला. गाडी कुठे बंद पडते, किती चालल्यावर पडते, हे सगळं मी सांगत होते. तो ऐकत होता सोबत आलेल्या दिराचं, ज्याच्या हातात गाडी कधी बंद पडलीच नव्हती. शेवटी त्यालाच म्हणाला, "भाभी को बोलो, आराम से चलाए." मी तिथेच उभी होते!

त्यानंतरच्या खेपेला गाडी पुन्हा थांबली. आबांनी निकाल देऊन टाकला. "आते आखो एकदाव बंद पडनी, ते किल्ली धाकलाकडे." म्हणजे मी घरात बसायचं, आणि आमच्या दोघांचं पोट दिराच्या मर्जीवर.

पुढच्या खेपेला अमळनेर ओलांडलं आणि व्हायचं तेच झालं. मला रडू येत होतं, ते रागाचं. निदान डिझेल तरी आहे का बघू, म्हणून काडी शोधली आणि टाकीचं झाकण उघडलं. टाकी मी कधी उघडत नसे. ट्रॅक्टरसाठी घरात डिझेलचे कॅन येतात, त्यातलंच आबा स्वतः नरसाळ्याने गाडीत ओततात. दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.

झाकणाखाली प्लॅस्टिक होतं. केळीच्या घडांना घालतो त्या पिशवीचा निळा तुकडा, दुहेरी घडी करून ताणून बसवलेला. तो आत ओढला जाऊन वाटीसारखा खोल झाला होता. मी तो उचकटला आणि टाकीने फस्सकन मोठा श्वास घेतला. किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू!

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडतं, दुसरं पाडावं लागतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. डिझेल बाहेर जायचं तर हवा आत यायला हवी. शेतापर्यंत जाऊन येण्यात डिझेल ते किती जाणार? दूर जाणारी मी एकटीच, म्हणून गाडी माझ्याच हातात बंद पडायची. उभी राहिली की कडेच्या फटीतून हळूहळू हवा झिरपायची, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा सुरू. सगळे मिळून शोधत होते हवा कुठून शिरते, आणि इथे हवेला वाटच ठेवली नव्हती.

मी तो तुकडा होता तसा परत बसवला. हो, मुद्दाम. गाडी थांबल्याचं घरी सांगितलं नाही, आणि दुसऱ्या खेपेला आबांना म्हटलं, चला धुळ्याला.

अमळनेर गेलं. आचके बसले. गाडी थांबली. आबांनी तोंड उघडलं, "तरी मी सांगत व्हतू..."

"आबा, उतरा," मी म्हटलं. "टाकीचं झाकण तुमच्या हाताने काढा."

त्यांनी काढलं. तुकडा सोडवताना फस्स झालं, तसे ते दचकले. मी वरून किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. ते प्लॅस्टिक हातात धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

"हाई ते मीच लायेल शे," ते म्हणाले. "डिझेल सांडे, केळीसले वास लागे, म्हनीसन."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. धुळ्यापर्यंत पाहिली, परत येताना पाहिली. ते काही आलं नाही.

घरी ओट्यावर तीच माणसं बसलेली. आबा म्हणाले, "गाडीनं दुखनं सापडनं." कुणी दिलं, कुणाला सापडलं, ते पोटातच राहिलं. दीर लगेच उठला आणि त्याने माझ्यापुढे हात केला. "आते गाडी चांगली व्हयनी ना? आन किल्ली, मी लई जासू धुळाले."

बिघडलेली गाडी माझी, आणि चांगली झाली की त्याची.

"भाऊ, येवानं व्हई ते बाजूले बठा," मी म्हटलं. "गाडी मी लई जासू."

मी आबांकडे पाहिलं. ते खाली बघत चपला काढत होते. त्यांच्या खिशातून तो निळा तुकडा डोकावत होता, तो मी सगळ्यांसमोर काढून घेतला आणि किल्लीच्या कडीला गाठ मारून बांधला. अजून तिथेच आहे. किल्लीला कुणीही हात घातला, तरी आधी हाताला तो लागतो.