गाडीतलं पिवळं कासव

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण पुढे जे सांगणार आहे ते सगळं मी पूर्ण श्रद्धेने केलेलं आहे.

मी रोह्याची. वयाच्या बावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. आई पेणला एकटी असते. तिचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं, दर गुरुवारी व्यायामाला आणा, नाहीतर पाय आखडून बसेल. व्यायामाचा दवाखाना तिच्या घरापासून दहा मिनिटांवर, पण आई काठी घेऊनसुद्धा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला घाबरायची. म्हणून ह्यांनी मोठ्या मनाने गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली. धरली, पण सोडली नाही. अर्धी ह्यांच्या चिमटीत, अर्धी माझ्या.

"गाडीला काही झालं तर किल्ली परत माझ्याकडे. कबूल?"

"कबूल," म्हटलं, तेव्हा सुटली.

मी दत्तगुरूंना अकरा गुरुवार बोलले. आई काठीशिवाय चालू दे. आता उपवास मी करणार, पण रोहा ते पेण पळणार कोण? गाडीच ना? मग तिचाही व्रतात वाटा नको का? दर गुरुवारी निघण्याआधी मी बॉनेट उघडायची, इंजिनाला हळदकुंकू वाहायची, अक्षता टाकायची आणि वरून चमचाभर पंचामृत. लोक नुसत्या पत्र्यावर कुंकवाचं बोट टेकवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. कष्ट आत बसलेला करतो, मान बाहेरच्याला का?

भिसे खिंडीतली वळणं मला झेपत नाहीत, म्हणून मी आपली कोलाड, खांब करत लांबच्या रस्त्याने जाते. चौथ्या गुरुवारी खांब मागे पडलं आणि स्टिअरिंगच्या मागे, काट्यांच्या शेजारी, एक पिवळं चित्र उजळलं. मी निरखून बघितलं. पाठ, पोट, खाली पाय, पुढे काढलेली मान. तुम्हीच सांगा, दर्शनाला जाताना गाभाऱ्यासमोर आधी कोण भेटतं? कासव. साक्षात कासव माझ्या गाडीत येऊन बसलं होतं. मी डावा हात स्टिअरिंगवर ठेवून उजव्या हाताने नमस्कार केला.

पेणला पोचल्यावर आईला गाडीत बसवलं आणि दाखवलं. तिने चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"कासवच गो," आई म्हणाली. "केव्हा आलं?"

"आत्ताच. खांबपाशी." दवाखान्याकडे गाडी वळवता वळवता मी पुन्हा तसाच एका हाताने नमस्कार केला.

त्या दिवशी दवाखान्यात आई काठीशिवाय अकरा पावलं चालली. अकरा. मी मोजली. आता ह्यावर तुम्ही काय म्हणाल?

पाचव्या गुरुवारी कासव दिसेना. काय चुकलं? मग आठवलं, घाईत पंचामृतात मध घालायला विसरले होते. सहाव्या गुरुवारी दुप्पट मध घातला, एकाच्या जागी तीन चमचे वाहिले, आणि नागोठण्याच्या आत कासव हजर. डोळे भरून आले हो माझे.

हे रोज विचारायचे, "गाडी ठीक आहे ना?"

"ठीक काय, प्रसन्न आहे," मी सांगायची. उपवासाच्या व्रतात खोटं बोलत नाही मी.

आईच्या शेजारच्या शालिनीवहिनी दर्शनाला आल्या. काचेवर हळदकुंकू लावलं आणि मुलीच्या लग्नाचं साकडं घातलं. पुढे आरशाला हार आला. सातव्या गुरुवारी गाडी जराशी गचके देऊ लागली, वेग धरेना. मी म्हटलं, कासव म्हटल्यावर पळायची घाई कशाला करायची?

आठव्या गुरुवारी मात्र गाडीने खांबजवळ चार आचके दिले आणि बसली. नशीब एवढंच की समोरच गॅरेज. नंदू मिस्त्री फडक्याला हात पुसत आला.

"दिवा कधीपास्नं पेटलाय, काकू?"

"चौथ्या गुरुवारपासून."

"आज कितवा?"

"आठवा."

"मग चार आठवडे केलंत काय?"

"नमस्कार."

त्याने माझ्याकडे बघितलं, आरशाच्या हाराकडे बघितलं आणि बॉनेट उघडलं. बराच वेळ आत वाकून उभा राहिला. मग आतूनच आवाज आला, "काकू, हितं प्रसाद कोणी वाटला?"

मी डोकावले. एका काळ्या वायरीच्या टोकापाशी मुंग्यांनी वसाहत केली होती. येणाऱ्यांची रांग वेगळी, जाणाऱ्यांची वेगळी.

"दूध, साखर, मध, सगळं ह्या जोडणीत गेलंय," नंदू म्हणाला. "इंजिनाला धड काय कळंना झालंय. म्हणून तर बिचाऱ्यानं दिवा लावून सांगितलं, कोणीतरी बघा म्हणून."

"पण ते तर कासव आहे."

"कुठलं कासव?"

मी दाखवलं. त्याने मान खाली घातली. खांदे हलत होते त्याचे. "काकू, ते इंजिनाचं चित्र हाय."

"मग ही मान?"

"पंखा हाय तो."

"आणि पाय?"

"पाय नाय हो त्याला. असते तर इथनं पळालं असतं."

मला किल्लीची अट आठवली. ह्यांची भीती नव्हती मला. किल्ली मागितली असती तर दिली असती. पण आई? तिची अकरा पावलं त्या कासवाच्या भरवशावर पडली होती. कासव नाही म्हटल्यावर ती पुन्हा काठी धरून कोपऱ्यात बसली तर?

"नंदू," मी हळूच विचारलं, "गाडी नीट कर, पण दिवा तेवढा पेटता ठेवता येईल का?"

"बारा वर्षं गॅरेज चालवतोय," तो म्हणाला, "असं गिऱ्हाईक पहिलंच."

त्याने मुंग्या झटकल्या, जोडणी धुतली, सुकवली, यंत्र लावून दिवा घालवला. आणि मला पोरीसारखं समोर उभं करून शिकवलं. "पिवळा पेटला, की लगेच गॅरेजला दाखवायचं. लुकलुकायला लागला किंवा लाल पेटला, की बाजूला थांबायचं नि फोन करायचा. आणि हात जोडायचे नाय. दोन्ही हात स्टिअरिंगवर."

पेणला दीड तास उशिरा पोचले. आईच्या दाराला कुलूप, आणि काठी ओटीवर भिंतीला टेकून उभी. काठीशिवाय गेली कुठे? पडली तर नाही? शालिनीवहिनींना हाक मारणार, तोच गल्लीच्या वळणावरून आई आली. चालत. एकटी. हातात कोथिंबिरीची जुडी.

"दवाखान्यात जाऊन आले," ती म्हणाली. "तू येईनास, म्हटलं किती वाट बघायची?"

मला तिथेच रडू फुटलं. रडता रडता सगळं सांगून टाकलं. पंचामृत, मुंग्या, पंखा. "आई, ते कासव नव्हतं गं. पण तू चालणं सोडू नको."

"कासवाचं काय घेऊन बसलीस?" आईने पदराने माझे डोळे पुसले. "मी तीन आठवडे झाले बाजारात चालत जाते. डॉक्टर म्हणाले, सहा महिने लागतील. मी म्हटलं, एवढे दिवस नाय परवडायचे."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी एवढ्या लांबून गाडी घेऊन येत होते."

आई जरा घुटमळली. शालिनीवहिनींच्या खिडकीकडे बघून आवाज खाली केला.

"तू एवढ्या हौसेने यायचीस, तुझं मन कसं मोडू? पण तू एका हाताने गाडी चालवत दुसऱ्याने नमस्कार करायचीस ना गो, तेव्हाच मी ठरवलं. काय वाट्टेल ते होऊ दे, आपण आपले पाय लवकर चालते करायचे."