रिकामी किटली

हॅलिफॅक्सच्या त्या उतरत्या गल्लीत टेलिव्हिजन एकट्या क्लॅरन्स ऑग्डनकडे होता. त्यामुळे रविवारी संध्याकाळची प्रार्थना आटोपली की माणसं आपापल्या घरून खुर्ची उचलून त्याच्या दाराशी यायची. बायका डोक्यावरच्या हॅटसुद्धा काढत नसत.

त्या रविवारी विनी टॅटरसॉलनंही खुर्ची आणली. पण ती मांडावी कुठं हेच तिला सुचेना. पुढं बसलं तर सगळ्यांना तिचा चेहरा दिसणार. मागं बसलं तर तिला लिओनल दिसणार नाही.

लिओनल तिचा नवरा. चाळीस वर्षं गावोगावच्या रंगमंचांवर कधी सरदार, कधी भूत, कधी फौजदार होऊन गाजलेला. विनीनंही ऐन उमेदीत त्याच्यासोबत कामं केली होती. पण गेल्या हिवाळ्यात स्कारबरोला भरल्या प्रयोगात त्याचे शब्द हरवले आणि पडदा पाडावा लागला. त्यानंतर कुणी बोलावलं नाही. सकाळी पोस्टमन दारावरून पुढं गेला की तो उगीचच बूट पुसत बसायचा. आणि आता अचानक लंडनहून बोलावणं आलं होतं: रविवारच्या नाटकात बटलरचं काम. जे घडेल ते त्याच क्षणी घरोघरी दिसणार. पडदा नाही, दुसरी संधी नाही. इथं पाय घसरला तर चेहऱ्यावरचा रंग कायमचा पुसायचा, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

दोन आठवडे विनीनं तालीम घेतली. हाताला काम असलं की लिओनलची जीभ चालते, हे तिला जुन्या दिवसांपासून माहीत. म्हणून ती चहानं काठोकाठ भरलेली किटली ट्रेमध्ये ठेवून त्याच्या हाती द्यायची. मोरीच्या दारापासून शेगडीपर्यंत चालायचं, अंगठ्यानं झाकण दाबून धरायचं आणि वाक्य टाकायचं. "आत चहा हिंदकळला ना विने, की शब्द आपोआप वर येतात," तो म्हणायचा.

जाताना त्यानं एक गोष्ट तिच्या कानात सांगितली होती. तिथं प्रॉम्प्टरच्या हाताशी एक कळ असते. नट अडला की ती कळ दाबायची. देशभरचा आवाज बंद. तेवढ्यात शब्द सांगायचा आणि कळ सोडायची. घरी बसलेल्यांना वाटतं, आपलाच डबा बिघडला.

"तेव्हा आवाज गेला की समजून जा," तो हसत म्हणाला होता, "कुणीतरी बुडतंय."

ऑग्डननं पडदे ओढले. नाटक सुरू होईपर्यंत वेळ भरायला दाखवतात ते चित्र चालू होतं: काचेवर कुणा कुंभाराचे हात चाकावरच्या मडक्याला आकार देत होते. मडकं काही पुरं होत नव्हतं.

"काय विनीबाई," ऑग्डन म्हणाला, "साहेब आता आम्हाला ओळख देतील ना?"

"त्याचं पोट मावेल का रे एवढ्याशा काचेत?" ऑग्डनची म्हातारी आई म्हणाली. सगळे हसले. विनीही हसली, पण हातातलं सँडविच तिनं तसंच बशीत ठेवलं.

नाटक सुरू झालं. एका श्रीमंत बाईचा मुलगा युद्धात कामी आला, असं सगळे धरून चालले होते. आता दार उघडणार, बटलर येणार आणि एकाच वाक्यात सगळं पालटणार.

दार उघडलं.

"आले! आले गं लिओनल!" ऑग्डनच्या बायकोनं, बेसीनं, विनीचा दंड धरला.

विनीची नजर नवऱ्याच्या चेहऱ्यावर नव्हतीच, ट्रेवर होती. ट्रे पिसासारखा वर आला. अंगठा झाकणावर नव्हता. किटली रिकामी होती.

"बाईसाहेब, वकीलसाहेब आलेत," लिओनल म्हणाला.

आणि मग आवाज गेला. नाटकातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक हलत होता, टिकटिक मात्र ऐकू येत नव्हती. लिओनलचे ओठ किंचित उघडे राहिले.

"गेला बघ! व्हॉल्व्ह गेला!" ऑग्डन उठला आणि त्यानं डब्याच्या डोक्यावर एक बुक्का घातला.

"अहो हळू, काच फुटेल!" बेसी ओरडली.

विनीनं नकळत दोन्ही हात वर धरले होते, जड ट्रे पेलावा तसे. "आणि त्यांच्याबरोबर..." ती पुटपुटत होती, "बोल ना रे, आणि त्यांच्याबरोबर..."

ऑग्डननं दुसरा बुक्का घातला.

"...आणि त्यांच्याबरोबर आपले चिरंजीव आहेत."

काचेतल्या बाईनं किंकाळी फोडली. खोलीतल्या बायकांनी रुमाल काढले. ऑग्डन मात्र हात चोळत सगळ्यांकडे बघत होता. "याला हात असावा लागतो!"

"अगं, तू काय रडतेस?" बेसी म्हणाली. "किती झोकात बोलले!"

"झोकातच बोलला," विनी म्हणाली. आपल्या केकचा तुकडा तिनं ऑग्डनच्या बशीत सरकवली.

नाटक संपल्यावर लिओनल लंडनहून गल्लीच्या कोपऱ्यावरच्या सार्वजनिक फोनवर फोन करणार होता. विनी त्या लाल खोक्यात जाऊन उभी राहिली. घंटा पुरी वाजायच्या आत तिनं रिसीव्हर उचलला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"सगळं?"

"इथं ऑग्डनचा डबा बिघडला होता. बुक्के मारून त्यानं दुरुस्त केला. सबंध गल्ली त्याचं कौतुक करतेय."

लिओनल हसला. पण हसणं लवकर संपलं. "गुरुवारी पुन्हा हाच प्रयोग आहे, विने. दिग्दर्शक मला काहीच बोलला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं."

"किटली रिकामी होती ना?"

"तुला कसं..."

"अंगठा कुठं होता तुझा?"

"वाफ कॅमेऱ्याच्या काचेवर येते म्हणाले. मी काय बोलणार?"

"मग गार पाणी भरायला सांग. काठोकाठ."

"म्हातारा नखरे करतोय म्हणतील."

"म्हणू देत. बायकोनं सांगितलंय म्हणावं. नाहीतर गुरुवारी मी स्वतः येऊन भरीन, हॅट घालून." तिनं श्वास घेतला. "आता म्हण बघू. मला म्हणून दाखव."

"इथं? दारवान बघतोय."

"बघू दे. प्रेक्षकच आहे तो."

तो खाकरला. "बाईसाहेब, वकीलसाहेब आलेत." मग थांबला. विनीनं डोळे मिटले. ती एक अक्षर बोलली नाही. "आणि..." तो म्हणाला, "आणि त्यांच्या..."

खट् झालं. वेळ संपली म्हणून एक्स्चेंजनं लाइन तोडली होती. रिसीव्हर नुसता घुमत राहिला.

ती खुर्ची न्यायला परत आली, तेव्हा ऑग्डन डब्यावरचे बोटांचे ठसे फडक्यानं पुसत होता.

"क्लॅरन्स," ती म्हणाली, "गुरुवारी पुन्हा तेच नाटक आहे. येऊ मी?"

"विचारता काय? खुर्ची राहू द्या इथंच," तो म्हणाला. "आणि आवाजाची काळजी सोडा हो. गेलाच, तर मी आहे की!"