बाल्दोचा उजवा खांदा

...तर काल आपण खांद्यापाशी थांबलो होतो. बाल्दोचा उजवा खांदा म्हणजे टम्म फुगलेला पाव! इटलीतल्या बोलोन्याच्या बाजारात चाळीस वर्षं धान्याची पोती वाहिलेली ना. हाच हमाल दुपारी आमच्या इप्पोलितो मास्तरांच्या चित्रशाळेत चौथऱ्यावर उघडा उभा राही आणि शिष्य लाल खडूनं त्याला कागदावर उतरवत. मी तिथं कागद पोचवायचो, त्यामुळं हे सगळं माझ्या डोळ्यांदेखतचं.

त्या वर्षी मास्तरांना चर्चसाठी आशीर्वाद देणारा बिशप रंगवायचा होता. आधी उघडं अंग काढायचं, मग त्यावर झगे चढवायचे, ही रीतच. मास्तरांनी हात उंचावलेल्या बाल्दोचं लाल खडूतलं चित्र समोर लावलं. कॅनव्हासवर पहिली रेघ ओढणार, तोच सदरा काढता काढता बाल्दो ओरडला, "मास्तर, थांबा! हा मी नव्हे!"

मास्तरांचा पुतण्या मेल्कियोरे खदाखदा हसला. "अरे हमाला, आरशात कधी तोंड बघितलंयस का?"

मास्तर तापले. "उद्या पाद्री बघायला येणार आहेत, बाल्दो. उगाच खोळंबा केलास तर या चौथऱ्यावर दुसरा उभा करीन."

बाल्दोचा चेहरा उतरला. गुडघे गेलेले, पोतं उचलत नव्हतं. आता चौथरा होता म्हणून चूल पेटत होती. पण पठ्ठ्या हटला नाही! सदरा भिरकावून चित्राशेजारी उभा राहिला, हात वर केला.

"फुगवटा बघा. माझा उजवीकडं, याचा डावीकडं. तुमचा बिशप डाव्या हातानं आशीर्वाद देतोय!"

अहाहा, सगळ्यांच्या माना एकदा बाल्दोकडं, एकदा चित्राकडं! बिशपचा आशीर्वाद उजव्याच हाताचा; असं चित्र पाद्र्यांनी मास्तरांसकट बाहेर फेकलं असतं. झालं होतं असं, की लाल खडूच्या चित्रावर ओला कागद दाबला की छाप उठते, फिकी आणि उलटी. मेल्कियोरेनं चित्रांच्या गठ्ठ्यातून मूळ चित्राऐवजी तसली छापच काढून दिली, आणि मास्तरांनी घाईत तिच्यावर ताजा खडू फिरवून ती गडद केली. मग ओळखतंय कोण?

मूळ चित्र गठ्ठ्याच्या तळाशी सापडलं. मास्तरांनी बाल्दोला कडकडून मिठी मारली. त्याच्या पाठीवर पाची बोटं लाल उमटली!

"चौथरा तुझाच, जन्मभर! पण गड्या, चित्र वाचायला तुला शिकवलं कुणी?"

बाल्दो म्हणाला, "मास्तर, तीस वर्षं तुम्ही सगळे माझ्याकडं बघत होता. मला बघायला भिंतीवरच्या या लाल चित्रांशिवाय दुसरं होतं काय?"