समासातलं माहेर

शुभांगी गेली त्याला आता सहा आठवडे होतील. फोन आला तेव्हा मी द्वारका चौकातल्या सिग्नलला अडकले होते. तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. आमच्याच रुग्णालयाच्या न्यूरोसर्जरी विभागात शस्त्रक्रिया झाली आणि ती शुद्धीवर आलीच नाही, एवढं पलीकडून कळलं. दुःख नंतर आलं. आधी एक विचार आला, आणि तो लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही... आता वणीहून तिच्याकडे येणारी बाळं कोणाकडे येतील? माझ्याकडे?

आम्ही दोघी एकाच दिवशी संशोधन सहायक म्हणून रुजू झालो. कमी वजनाच्या नवजात बाळांचा अभ्यास होता. बाळ घरी गेल्यावर ठरावीक महिन्यांनी त्याला परत बोलवायचं. वजन, नजर, हालचाली तपासायच्या. निम्मी यादी तिची, निम्मी माझी. परत न आलेलं प्रत्येक बाळ म्हणजे अभ्यासाला पडलेलं भोक, आणि माझ्या यादीची चाळण झाली होती. तिच्या यादीतल्या आया मात्र इगतपुरीच्या धो धो पावसातूनही बाळाला टोपडं घालून हजर व्हायच्या. मी कारणं शोधली : अंतर, पाऊस, शिक्षण. आलेख काढले. अभ्यासाचे प्रमुख असलेले आमचे सर ते पाहून म्हणाले, "छान. पण एकदा शुभांगीला विचार." ते वाक्य अजून टोचतं.

मी विचारलं नाही. डबा उघडता उघडता तिनेच विषय काढला.

"अगं शहाणे, तू फॉर्मवरच्या नंबरावर फोन करतेस. तो नवऱ्याचा. बाई कुठंय? माहेरी!"

"फॉर्मात माहेराचा रकानाच नाही."

"समास आहे ना?"

बाळाचं वजन होईपर्यंत ती आईला माहेर विचारायची आणि गाव, भावाचा नंबर पेन्सिलीने समासात टिपून ठेवायची. माझी सख्खी बहीण पहिल्या बाळंतपणात चार महिने आमच्याकडे होती. माझ्या अभ्यासाच्या टेबलावर दुपटी वाळत असायची. तरीही मला हे सुचलं नव्हतं आणि तिला सुचलं होतं. हा हेवा मी मोठ्या शिस्तीने जोपासला.

पुढच्या बैठकीत मी सुधारित फॉर्म मांडला. पत्त्याखाली नवा रकाना : माहेर. सरांनी कौतुक केलं. शुभांगी समोरच बसली होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "रेघा सरळ मारल्यास हो." नंतर ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागत राहिली, ते जास्त झोंबलं. माझीही बाळं येऊ लागली. पण त्यांच्या आया दारातून आधी तिलाच शोधायच्या.

खरं काय ते सांगू, सांगू म्हणत राहिले... आणि ती गेली. मग एका सकाळी सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, तो रकाना माझा नव्हता.

सरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "मी तिला तेव्हाच विचारलं होतं. म्हणाली, 'रकाना तिचाच आहे, सर. मी नुसती समासात लिहायचे.'"

मला असं बोलता आलं नसतं. शोधनिबंधाच्या मसुद्यात आता तिचं नाव माझ्या आधी आहे. त्याने हेवा गेला, असं मात्र म्हणवत नाही.

गेल्या मंगळवारी वणीहून एक आई आली. लेक वजनकाट्यावर, आईची नजर दारावर.

"शुभांगीताई नाय का आज?"

मी नाही म्हटलं. काट्यावरचं वजन टिपलं.

"मग त्यांना सांगा, पोरीनं मान धरली. लय काळजी करायच्या त्या."

बाळाने मान धरल्याची नोंद करायला फॉर्मवर छापील चौकट आहे. तिथे मी खूण केली. मग खणातून शुभांगीची, मागून चावलेली पेन्सिल काढली आणि समासात लिहिलं : मान धरली. शुभांगीला सांगणे.