ठकीसाठी लावलेला कौल

गावदेवीला मी कौल लावला तो मांजरासाठी. कोणाला हसायचं असेल त्याने आधीच हसून घ्यावं, आमच्या गुरवाने घेतलंच आहे. कौल लावायचा तो लग्नाचा, जमिनीचा, परगावी निघालेल्या पोराचा. मांजराचा कौल आमच्या गावात कधी कोणी लावल्याचं मी ऐकलेलं नाही. मी सत्तरी ओलांडलेला माणूस. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं आयुष्य चिखलात बैलांच्या मागे गेलं. देवीला हात जोडत आलो, पण चार लोक जोडतात म्हणून. ती आपलं ऐकते की नाही याची मला कधी खात्री नव्हती, आणि खरं सांगायचं तर तशी गरजही पडली नव्हती. आपल्या हाताने काम होतंय तोवर मागायचं कशाला, असं माझं म्हणणं.

आमची मुलगी माणगावला दिलेली आहे. तिची बाळंतपणाची दुसरी खेप होती म्हणून भाद्रपदात बायको तिच्याकडे राहायला गेली. निघताना पिशवी खांद्याला लावून ती दारात थांबली आणि म्हणाली, "अवो, माझ्या ठकीकडं बघा. तुमी सोता जेवाल आन् तिला इसराल." मी म्हटलं, "दोन जोड्या बैल सांभाळले मी, मांजराचं काय घेऊन बसलीस!" शेजारची माणसं ओटीवर होती, सगळ्यांनी ऐकलं. ठकी म्हणजे आमची मांजरी. पांढरी, पाठीवर राखी पट्टे. ती बायकोची. माझा तिचा संबंध एवढाच की मी ज्या पाटावर बसे, तो मी उठलो की ती घेई.

बायको जाऊन चार दिवस झाले असतील. ठकी सकाळी मागचा पाय ओढत आली. बोक्याने मांडीला चावा घेतला होता. मी हळद दाबली आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी मांडी टम्म सुजली, अंग तापलं, दूध समोर ठेवलं तर वास घेऊन तोंड फिरवलं. तेव्हा मात्र टोपलीत घालून, वर फडकं बांधून तिला बोर्लीला गुरांच्या डॉक्टरकडे नेली. त्यांनी पू काढला, इंजेक्शन दिलं आणि गोळ्यांची पुडी हातात ठेवली. पुडीवर लिहून दिलं, पाव गोळी सकाळी, पाव संध्याकाळी, आठ दिवस. म्हणाले, "आजोबा, इंजेक्शनने आजचं भागलं. गोळ्या चुकल्या तर हे विष अंगात भिनेल, मग माझ्याकडे आणून उपयोग नाही. गोळी द्यायला जमेल ना?" मी म्हटलं, "बैलांना पाजलंय." डॉक्टर पुढे काही सांगायला लागले होते, पण तोवर मी टोपली उचलून पायरी उतरलो होतो.

बैलाला औषध पाजायचं म्हणजे नाक धरायचं, मुंडी वर करायची, बांबूची नळी जबड्याच्या कडेने आत घालायची आणि ओतायचं. बैल मोठा असतो, पण एकदा मुंडी वर झाली की गप गिळतो. मी ठकीलाही तसंच केलं. मान धरली, जबडा उघडला, गोळी आत टाकली, तोंड दाबून ठेवलं. ती गप्प राहिली. मी म्हटलं, झालं! सोडली, तर जात्याच्या मागे जाऊन तिने गोळी जशीच्या तशी ओकून टाकली. पुढच्या वेळी मी गोळी पाण्यात कालवली आणि चमच्याने ओतली. तर तिच्या तोंडाला फेस आला. एवढा फेस की मला वाटलं आता मीच मारली हिला. ती नुसती कडू लागल्याने सुटलेली लाळ होती हे मला मागाहून कळलं. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले. तिसऱ्या दिवशी माझं पाऊल वाजलं की ती तापल्या अंगाने, पाय ओढत, भाताच्या कणगीखाली जाऊन बसायला लागली.

याचा मी पुष्कळ विचार केलेला आहे. ती मला मारणारा समजत होती. माझ्या मनात काय आहे ते तिला कसं कळणार? तिला फक्त हात दिसत होता. कणगीखालून तिचे डोळे चमकायचे आणि मी इकडे वाकून, गुडघे दुखत असताना, तिला शिव्या घालायचो. संध्याकाळी माणगावहून फोन यायचा. "ठकी कशी हाय?" "बरी हाय." एवढं बोलून मी मुलीचं विचारायचो.

शेजारी कोणाला हाक मारली असती तर कोणी आलं असतं. पण ते दोन जोड्या बैल आता सगळ्या आळीत फिरत होते, आणि मला तोंड उघडवेना. तेव्हा मी ठरवलं की माणसाला विचारण्यापेक्षा देवीला विचारावं. इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे, कारण ती लपवून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मला देवीकडून उपाय नको होता. मला सुटका हवी होती. औषध चालू ठेवू का, असं विचारायचं, देवीने डावा, म्हणजे नकाराचा, कौल द्यावा, आणि मी बायकोला सांगावं की मी तर तयार होतो, आईनेच नको म्हटलं.

सकाळी मोठ्या कष्टाने ठकीला कणगीखालून काढली आणि टोपलीत घातली. गोळ्यांची पुडीही टोपलीतच टाकली, म्हटलं देवीच्या पायाला लावून आणू. बरोबर नारळ घेतला आणि देवीच्या निरांजनासाठी वाटीभर घरचं तूप. देऊळ रस्त्याला लागूनच आहे. गुरव माझ्या वयाचा, लहानपणी आम्ही गुरं एकत्र राखलेली. टोपलीत हालचाल बघून तो म्हणाला, "काय रं, कोंबडा आणलास?" सांगितलं तर पोट धरून हसला. "आई गावाचं पानीपाऊस बघते, आन् तू तिला मांजराची गोळी इचारतोस?" पण माझं तोंड बघून त्याने हसणं आवरलं. टोपली आत आणायची नाही म्हणाला, म्हणून ती मी बाहेर पायरीवर ठेवली. तुपाची वाटीही तिथेच राहिली.

आमच्याकडे कौल लावतात तो असा. फुलाचे ओले कळे देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि मग वाट बघायची. उजवा कळा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. गुरवाने सगळं नीट केलं. मी खांबाला टेकून बसलो आणि डाव्या कळ्यावर नजर लावली. बराच वेळ गेला. कळा हलेना. दोन्ही तसेच. गुरव म्हणाला, "वाऱ्याचं आज नाव न्हाय. उद्या ये." मी म्हटलं, "पडल्याशिवाय उठणार नाही." तो म्हणाला, "तू इचारायला आलायस का आईला दम द्यायला?"

तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला आणि माणसांची बोलणी ऐकू आली. पुढच्या वळणावर आंब्याची मोठी फांदी रस्त्यात आडवी झाली होती, ती तोडून होईपर्यंत एसटी देवळासमोर उभी राहिली होती. माणसं उतरून पायऱ्यांवर टेकली. मी मान वळवली नाही. मग एका बाईचा आवाज दारातून आत आला.

"आजोबा, हे मांजर कोणाचं?"

"माझं."

"पुडीवर सकाळी म्हणून लिहिलंय. दिली का गोळी?"

"घेत नाही ती."

"मी देऊ?"

मला राग आला. तीन दिवस मी झुंजलो आणि ही कोण वाटेवरची मला विचारते! मी कळ्यावरची नजर न काढता म्हटलं, "द्या की. बघू या जमतंय का."

ठकी नखं लावील, बाई ओरडेल, म्हणून मी कान देऊन होतो. कोणी ओरडलं नाही. उलट बाहेरची बोलणी थांबली. मग कोणी तरी हलकंच हसलं. गुरवही माझ्या शेजारून उठून दाराशी गेला आणि तिथेच उभा राहिला. तेव्हा मला राहवलं नाही. मी उठलो.

पायरीवर खाकी कपड्यातली कंडक्टर बाई बसली होती, पस्तिशीची असेल. ठकीला तिने टोपलीतून काढलंच नव्हतं, फक्त फडकं बाजूला केलं होतं. तिकिटाच्या कागदावर पाव गोळी बाटलीच्या बुडाने चुरून ठेवलेली, आणि माझ्या वाटीतल्या तुपात ती पूड ती बोटाने कालवत होती. मी ओरडलो, "अहो बाई, ते देवीच्या निरांजनाचं तूप आहे!"

वर न बघता ती म्हणाली, "देवीला आज तेलावर भागवता येईल. हिला नाही येणार." आणि तिने ते तूप ठकीच्या पुढच्या पंजावर, बोटांच्या बेचक्यांत चोपडलं. मग हात काढून घेतला आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. तिच्याकडे बघू नका. आपण टक लावली की तिला वाटतं काही भानगड आहे. माझ्या घरी चार आहेत. तोंड उघडायला जायचं नाही आजोबा, तोंड तिचं आहे. अंगाला चिकटलेलं मांजर ठेवत नाही, चाटून काढणारच."

"कडू लागेल की."

"लागेल थोडं. पण स्वतःच चाटलेलं असतं ना, मग ओरडणार कोणाला?"

मी रस्त्याकडे बघत उभा राहिलो. ड्रायव्हरने हाक मारली, "मॅडम, रस्ता मोकळा झाला, चला!" ती म्हणाली, "थांबा हो, पेशंट आहे." सगळी गाडी हसली. आणि मी चोरून पाहिलं. ठकीने पंजा वर उचलला, झटकला, हुंगला, आणि चाटायला लागली. बोटं फाकवून फाकवून चाटलं. फेस नाही, ओकणं नाही. तीन दिवसांत पोटात गेलेली ही पहिली गोळी. बाईने रुमालाला हात पुसले, गाडीत चढली, घंटी मारली आणि गाडी गेली. मी तिचं नाव विचारलं नाही. पुढे कितीदा तरी त्या वेळेला मी देवळापाशी जाऊन उभा राहिलो. दुसरेच कंडक्टर असायचे. विचारलं तर म्हणायचे, ड्युट्या बदलतात आजोबा, कुठली सांगणार?

आत येऊन बघतो तर दोन्ही कळे खाली. मी गुरवाला विचारलं, आधी कुठला पडला? तो म्हणाला, "मला काय म्हाईत! आपण दोघं भायेर मांजर बघत व्हतो." मग म्हणाला, "आता तुला इचारायचं हाय का पुन्यांदा?" मी नाही म्हटलं. नारळ वाढवला आणि घरी आलो.

संध्याकाळी फोन आला. "ठकी कशी हाय?" बरी हाय एवढे दोन शब्द तोंडाशी आले होते. पण मी सांगितलं, सगळं. चावा, गोळ्या, फेस, कणगी, कौल. आणि मला जमत नव्हतं हेही सांगितलं. हे वाक्य लग्नाला एवढी वर्षं झाली तरी मी तिच्याजवळ बोललेलो नव्हतो. मग ती म्हणाली, "मला ठावं व्हतं. बरी हाय म्हनताना तुमी खाकरता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय, ऐकनार व्हतात? मी हितं रोज दिवा लावताना आपल्या आईला सांगत व्हते."

"ठकीला बरं कर म्हणून?"

"न्हाय. माझ्या हट्टी मानसाला कोन तरी सांगनारं भेटू दे म्हनून." आणि लगेच म्हणाली, "संध्याकाळची दिली का? ठेवा फोन, द्या आदी."

मी फोन ठेवला. आंब्याची फांदी का पडली, तीच बाई त्याच गाडीवर का होती, तिच्या घरी चार मांजरं का असावीत, हे मी कोणाला समजावून सांगू शकत नाही. फांदी पडायची होती म्हणून पडली असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही. मला एवढंच कळतं की मी डाव्या कळ्याकडे डोळे लावून देवीच्या नकाराची वाट बघत होतो, आणि माझ्या पाठीमागे, पायरीवर, होकार चालू होता. मी मागितलेलं आईने दिलं नाही याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे. आणि त्या बाईचाही, जिथे असेल तिथे तिचं चांगलं होवो.

मग मी उठलो. पाव गोळी चुरली, तुपात कालवली. ठकी कणगीच्या तोंडाशी होती. पूर्ण आत गेली नव्हती. मी खाली बसलो, हात पुढे केला आणि थांबलो. ती पळाली नाही. पंजावर तूप लावलं. माझे हात शिवशिवत होते, जरा धरावं, जरा तोंड वळवावं. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि अंगणाकडे बघत राहिलो. बाहेर भात पोटरीला आलं होतं, त्याच्यावर उतरतं ऊन होतं. पुष्कळ वेळ काही झालं नाही. मग माझ्या मागे, अगदी हळू, जिभेचा खरखर आवाज सुरू झाला. मी वळून बघितलं नाही.