हौदाचा निबंध

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तुम्हाला सांगतोय, तेही खुशीनं नाही — माझ्या भाषणांना टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्हीही असाल म्हणून. गुरूचं ऋण, गुरूचे उपकार... डोळे पुसता ना तुम्ही? मला त्या ओल्या डोळ्यांची चीड येते.

सर आम्हाला अहमदपूरच्या शाळेत मराठी शिकवायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्हा चार-पाच जणांना थांबवून लिहायला बसवायचे. विचारायचे एकच — "हे बघितलास का ऐकलास?" ऐकलेलं असलं की ते वाक्य खोडायचं, मग कितीही सुंदर असो. किती राग यायचा मला! पण आज मी जे काही लिहितो ते त्या खोडण्यातून आलंय. माझ्या भाषणांतलं तेवढंच खरं आहे.

त्या वर्षी दुष्काळ होता आणि लातूर जिल्हा नवा झाला होता. नव्या जिल्ह्याचे साहेब लोक शाळेत येणार म्हणून भित्तिपत्रक काढायचं ठरलं. सर म्हणाले, आपापल्या घरातल्या पाण्यावर लिहा. मी लिहिलं. टँकर आधी आमच्या दुकानामागं थांबायचा, आमचा हौद भरायचा आणि उरलेलं पाणी घेऊन गल्लीत जायचा. तिथं बाया सकाळपासून घागरी लावून बसलेल्या असायच्या. हे मी बघितलेलं होतं, त्याच हौदावर बसून पाय धुतलेले होते. सरांनी एकही ओळ खोडली नाही. मला आभाळ ठेंगणं झालं.

निबंध भिंतीवर लागला. वाचणाऱ्यांची गर्दी झाली. आणि माझे वडील, अण्णा — शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सभासद होते.

आता सांगतो. किती वळसे घेतोय, बघा.

हेडमास्तरांच्या खोलीत अण्णांनी विचारलं, "खरं सांग, कुणी लिहून दिलं तुला हे?" मारलं नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. सुटायचा रस्ता त्यांनीच दाखवला होता. सर समोरच उभे होते. मी म्हणालो, "सरांनी. मी नुसतं उतरवून काढलो."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग अण्णांना म्हणाले, "हाव. मीच लिहून दिलो. लेकराचं काय न्हाई त्यात."

सर अजून कायम झाले नव्हते. लगेच काढलं. पोराच्या हातून बापाची बदनामी करणारा मास्तर — दुसऱ्या कुठल्या शाळेनं घेतलं नाही. त्यांची बायको चाकूरच्या रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फोडायची. ती दिसली की मी सायकल जोरात मारायचो. तेव्हा पोरगा होतो, बापाला भ्यालो — ठीक. पुढं काय? पुढं मी लेखक झालो, आणि सरांनी हौदाचा निबंध लिहून नोकरी कशी गमावली हे गावोगाव रंगवून सांगू लागलो!

मला सरांचा राग येतो. कशाला घेतलं अंगावर? मी लिहिलेलं सगळ्यांत खरं जे होतं, ते त्यांच्या नावावर गेलं आणि मी जन्मभराचा आभारी झालो.

गेल्या वर्षी नांदेडला माझा सत्कार होता. आयोजकांनी सरांनाही शोधून आणलं. मी नेहमीचं भाषण ठोकलं. मग माइक सरांच्या हातात गेला. आवाज म्हातारा, पण शब्द स्पष्ट.

"तो हौदाचा निबंध याचाच हाय. माझा एक शब्द न्हाई त्यात. आता तरी खरं कळावं लोकांला."

सगळे माझ्याकडं बघू लागले. अण्णा जाऊन जमाना झाला होता. भ्यावं असं तिथं कोण होतं? मी उठलो, वाकून सरांच्या पाया पडलो, त्यांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणालो, "बघा, याला म्हणतात मोठेपणा! स्वतःच्या लेखणीचं श्रेयसुद्धा शिष्याला देऊन टाकतात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी पुन्हा माइक मागितला. हात पुढं केलेला मला दिसला. मी माइक निवेदकाकडं देऊन टाकला.